अमेरिकेतलं कॉलेज निवडताना: घरून सगळे पैसे देणं शक्य नसेल तर यादी कशी करावी

मार्च संपत आला की दरवर्षी मला एक तरी फोन येतोच. "सर, अ‍ॅडमिशन झालं, पण पैसे काहीच दिले नाहीत. आता काय करायचं?" पलीकडच्या मुलाचा किंवा मुलीचा आवाज ऐकून पोटात कालवतं, कारण त्या वेळी करण्यासारखं फारच थोडं उरलेलं असतं. जे करायचं असतं ते आधीच्या उन्हाळ्यात, कॉलेजांची यादी करताना.

मी स्वतः यातून गेलोय. बारावीत असताना एका सल्लागाराने मला आठ नावं काढून दिली, सगळी कानावरून गेलेली. अर्जात 'आर्थिक मदत हवी आहे का' या प्रश्नापुढे त्याने 'नाही' लिहायला लावलं. म्हणाला, एकदा आत शिरलास की मदत मिळते. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. वडील एसटीत वाहक होते. ती दोन्ही पत्रं आजही आईच्या ट्रंकेत आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केले. या वेळी यादी पैशाच्या बाजूने केली आणि मध्य-पश्चिमेतल्या एका छोट्या कॉलेजात, जवळपास सगळा खर्च त्यांच्याकडून मिळून, गेलो. मार्क तेच होते, निबंधही बराचसा तोच होता. बदलली ती फक्त यादी.

हा लेख बारावीनंतरच्या चार वर्षांच्या पदवीबद्दल आहे. एमएस आणि पीएचडीचं गणित वेगळं असतं, आणि आपल्याकडे या दोन्हींची फार गल्लत होते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती या सगळ्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. अमेरिकन सरकारची मदत, म्हणजे फॅफ्सा नावाचा फॉर्म भरून मिळणारी पेल ग्रँट वगैरे, परदेशी नागरिकाला मिळत नाही. मग उरतं कोण? ज्या कॉलेजात जायचं ते कॉलेजच. म्हणून कॉलेज निवडणं आणि पैशाची सोय करणं ही आपल्यासाठी दोन कामं नाहीतच, ते एकच काम आहे.

पहिली पायरी: घरी बसून एक आकडा ठरवा

कुठलीही वेबसाइट उघडण्याआधी आईवडिलांसोबत बसा आणि एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा: वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये देता येतील, तेही सलग चार वर्षं?

हे बोलणं अवघड जातं. वडील "बघू, करू काहीतरी" म्हणतात, कारण मुलांपुढे 'जमणार नाही' म्हणणं त्यांना जड जातं. पण 'काहीतरी करू' हा आकडा नसतो. धाकट्या भावंडांचं शिक्षण, आजीआजोबांची औषधं, घराचा हप्ता हे सगळं बाजूला काढून जे उरतं तेच लिहायचं. जमीन विकून किंवा दागिने मोडून येणारे पैसे धरू नका. ते एका वर्षाला पुरतात आणि दुसऱ्या वर्षी संपतात.

समोरचा खर्च किती आहे तेही बघा. हार्वर्डचा २०२५-२६ चा अधिकृत खर्च ८६,९२६ डॉलर आहे. त्यात शिक्षण शुल्क ५९,३२० डॉलर, बाकी राहणं, जेवण आणि इतर फी. डॉलर ८५ रुपये धरला तरी वर्षाला सुमारे ७४ लाख रुपये होतात. कमी प्रसिद्ध खासगी कॉलेजांचा छापील खर्चही यापेक्षा फार खाली नसतो. हा आकडा बघून लॅपटॉप बंद करू नका. हा छापील भाव आहे. तुम्हाला किती भरावं लागेल ते यातून कॉलेजचं अनुदान वजा केल्यावर कळतं, आणि तुम्ही शोधायचं ते हेच उरलेलं. वर्षाला २ लाख रुपये देऊ शकणाऱ्या घरातली मुलंही अशा कॉलेजांत शिकतात. ७४ लाखांतले ७२ लाख कॉलेज देतं म्हणून शिकतात.

ठरलेला आकडा जपून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी त्याच्यावरच उभी आहे.

दुसरी पायरी: कॉलेजांचे चार गट समजून घ्या

अमेरिकेत चार वर्षांची पदवी देणारी दोन हजारांहून जास्त कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत. परदेशी विद्यार्थ्याला पैसे कसे देतात, एवढ्या एका निकषावर ती चार ढिगांत पडतात. सगळ्या लेखातला हा भाग दोनदा वाचला तरी चालेल.

पहिला ढीग अगदी छोटा आहे. इथे दोन गोष्टी एकत्र असतात: तुम्ही मदत मागितलीत की नाही याकडे न बघता प्रवेशाचा निर्णय होतो, आणि प्रवेश मिळाला की तुमची जितकी गरज निघेल (म्हणजे खर्चातून घरून देता येण्याजोगं वजा करून जे उरेल) तितकी सगळी भरून काढली जाते. पहिल्या गोष्टीला 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. अमेरिकन मुलांसाठी नीड-ब्लाइंड असलेली कॉलेजं बरीच आहेत. परदेशी मुलांसाठीही तीच वागणूक देणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही जुनी नावं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन त्यात आली. त्यानंतर ब्राउन, नोटर डेम आणि वॉशिंग्टन अँड ली या तिघांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी हे धोरण जाहीर केलं. ही धोरणं बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षी त्या-त्या कॉलेजच्या पानावर ते वाचून घ्या. या ढिगात पैशाची अडचण नसते, अडचण असते ती प्रवेशाची. जगभरातली सर्वांत तयारीची मुलं इथेच अर्ज करतात. यातली दोन-तीन यादीत असावीत, दहाच्या दहा नकोत.

दुसरा ढीग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. ही कॉलेजं 'नीड-अवेअर' असतात. निवड करताना तुम्हाला किती पैसे लागणार आहेत हे त्यांना दिसतं आणि त्याचा विचार होतो, पण एकदा निवडलं की गरज पूर्ण भागवतात. यात स्टॅनफर्ड, कोलंबिया, ड्यूक यांसारखी मोठी नावं आहेत. आणि ज्यांची नावं आपल्या गल्लीत कुणी ऐकलेली नसतात अशी ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, कार्लटन, व्हॅसार, वेस्लियन, मिडलबरी, कोल्बी, स्वार्थमोर, पमोना, स्किडमोर ही छोटी कॉलेजंही आहेत. मुलींसाठी आणखी एक दालन उघडं आहे: स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर आणि वेलस्ली ही महिला महाविद्यालयं. लेकीला एवढ्या लांब एकटीला कसं पाठवायचं म्हणून अडलेल्या आईवडिलांना मी ही नावं आवर्जून सांगतो.

नीड-अवेअर म्हणजे आत काय चालतं ते समजून घ्या. परदेशी मुलांच्या मदतीसाठी दरवर्षी एक ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असते. प्रवेश समितीला आवडलेली मुलं ८० आणि पैसे ४० जणांना पुरतील इतके असतील, तर ४० जणांना नकार जातो, मुलं चांगली असूनही. म्हणून वर्षाला ७०,००० डॉलर मागणाऱ्यापेक्षा ४०,००० डॉलर मागणाऱ्याला संधी जास्त. याचा अर्थ गरज कमी दाखवा असा मुळीच नाही. चार वर्षांचं ओझं घरावरच येणार आहे. याचा अर्थ एवढाच की कॉलेजच्या वेबसाइटवर छापलेला प्रवेशाचा टक्का तुमच्यासाठी खरा नाही. तुमच्यासाठी तो बराच खाली आहे, असं धरून चाला आणि यादी त्या मानाने लांब ठेवा.

तिसऱ्या ढिगातली कॉलेजं गरज बघत नाहीत, गुणवत्तेवर ठरावीक रक्कम देतात: कुठे १५,००० डॉलर, कुठे ३०,०००, क्वचित पूर्ण शिक्षण शुल्क. घरून वर्षाला १५-२० लाख देता येत असतील तर हा ढीग फार उपयोगी आहे. २ लाखच देता येत असतील तर नाही. ६०,००० डॉलरच्या खर्चातून ३०,००० ची शिष्यवृत्ती वजा केली तरी ३०,००० उरतात, आणि ते २५ लाखांच्या वर जातात. 'स्कॉलरशिप मिळाली' म्हणून गावभर पेढे वाटल्यावर हा हिशोब समोर आलेली घरं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

चौथ्या ढिगात बहुतेक सरकारी विद्यापीठं येतात. ती आपल्या राज्याच्या करदात्यांच्या पैशावर चालतात, त्यामुळे परदेशी विद्यार्थी त्यांच्यासाठी पूर्ण फी भरणारा असतो. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो ही कॅलिफोर्नियाची नामांकित विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत देत नाहीत. आपल्याकडे नावं मात्र याच ढिगातली जास्त माहीत असतात, कारण ओळखीपाळखीतली कुणी ना कुणी तिथे एमएसला गेलेली असतात. पूर्ण मदत लागणार असेल तर ही नावं यादीतून आजच खोडा. प्रत्येक नाव म्हणजे ५० ते ९० डॉलरची अर्ज-फी आणि निबंधाच्या कामाचा एक आठवडा.

खास सोय असलेली दोन ठिकाणंही माहीत असू द्या. केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज १८९२ पासून कुणाकडूनच शिक्षण शुल्क घेत नाही. तिथे प्रत्येक विद्यार्थी कॉलेजातच आठवड्याला किमान १० तास काम करतो. परदेशी मुलांच्या जागा फार थोड्या असतात, पण ज्याच्या घरून खरोखरच काही येऊ शकत नाही त्याने हे नाव जरूर बघावं. दुसरं कॉर्नेल. तिथे टाटांच्या २००८ च्या देणगीतून भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती चालते आणि एका वेळी साधारण २० जण त्यावर शिकत असतात.

तिसरी पायरी: कॉलेजच्याच आकड्यांवरून खात्री करा

कॉलेजच्या पानावर 'आम्ही परदेशी विद्यार्थ्यांना उदार मदत देतो' असं लिहिलेलं असतं. उदार म्हणजे किती? हे कळायला एक साधा कागद आहे आणि तो फुकट मिळतो. त्याचं नाव कॉमन डेटा सेट. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ठरावीक नमुन्यात आपली आकडेवारी प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' असं शोधलं की पीडीएफ सापडते.

तीस-चाळीस पानांतले दोन तक्ते आपल्या कामाचे. बी विभागातल्या बी२ तक्त्यात 'नॉनरेसिडेंट', म्हणजे परदेशी विद्यार्थी, किती आहेत ते असतं. एच विभागातल्या एच६ मध्ये त्यांतल्या किती जणांना कॉलेजने मदत दिली आणि सरासरी किती डॉलर दिली ते असतं.

समजा, एका कॉलेजात २४० परदेशी विद्यार्थी आहेत, त्यांतल्या १९० जणांना मदत आहे आणि सरासरी ६५,००० डॉलर. म्हणजे पाचातल्या जवळपास चौघांना, तीही भरघोस. हे नाव यादीत घ्या. दुसऱ्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थी १,९००, मदत ६० जणांना, सरासरी १२,००० डॉलर. तिथे पूर्ण मदत मिळणं म्हणजे आषाढीच्या गर्दीत दहा मिनिटांत विठ्ठलाचं दर्शन मिळण्यासारखं आहे. असं एकेक कॉलेज तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत. एका वहीत चार रकाने आखा: नाव, परदेशी विद्यार्थी, मदत मिळालेले, सरासरी रक्कम. तीस कॉलेजांची अशी वही झाली की कुठल्याही सल्लागारापेक्षा तुम्हाला जास्त कळायला लागतं.

इथे एक खड्डा आहे. अनेक संकेतस्थळांवर 'गरजेच्या १०० टक्के मदत' अशा याद्या असतात. ते आकडे बहुतेक वेळा अमेरिकन विद्यार्थ्यांचे असतात. एखादं कॉलेज आपल्या मुलांची गरज पूर्ण भागवत असेल आणि परदेशी मुलांना एक डॉलरही देत नसेल, हे सहज शक्य आहे. तसंच कॉलेजांच्या वेबसाइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' नावाचं खर्च काढायचं साधन असतं. तेही बहुतेक ठिकाणी अमेरिकन कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं असतं. त्यावर यादी ठरवू नका.

शंका राहिलीच तर सरळ ईमेल करा. तीन ओळी पुरतात: मी भारतीय नागरिक आहे, घरून वर्षाला इतके डॉलर देता येतील, अशा विद्यार्थ्यांना तुम्ही पूर्ण गरज भागेल एवढी मदत देता का, आणि मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो का? छोट्या कॉलेजांतली माणसं मनापासून उत्तर देतात. उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच समजा.

'लिबरल आर्ट्स' या शब्दाला घाबरू नका

हे सांगायला थोडं थांबतो, कारण चांगली नावं इथेच गळतात. दहावीला ९५ टक्के मिळवलेल्या मुलाचे वडील 'लिबरल आर्ट्स कॉलेज' ऐकलं की म्हणतात, "आर्ट्सला टाकायला एवढ्या लांब कशाला पाठवू?" पण याचा आपल्या आर्ट्स शाखेशी संबंध नाही. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे साधारण दीड ते तीन हजार विद्यार्थ्यांचं, फक्त पदवीचं शिक्षण देणारं कॉलेज. तिथे भौतिकशास्त्र, गणित, कम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र सगळं शिकता येतं. वर्गात वीसेक मुलं असतात आणि शिकवायला स्वतः प्राध्यापक येतात. यांच्यामागे जुन्या देणग्यांचा मोठा निधी असतो आणि विद्यार्थी मोजके, म्हणून परदेशी मुलांसाठी इथे हात मोकळा असतो. इंजिनिअरिंगच हवं असेल तर स्वार्थमोर, स्मिथ, लाफायेट अशा काही कॉलेजांत तेही आहे. तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात, अशी जोड-पदवीची योजनाही बरीच कॉलेजं दाखवतात. ती घेण्याआधी पुढच्या दोन वर्षांची मदत कोण देणार हे लेखी विचारून घ्या. पहिल्या कॉलेजची मदत तुमच्यासोबत दुसरीकडे जात नाही.

चौथी पायरी: पैशाची कागदपत्रं, आणि सातबाऱ्याचा प्रश्न

मदत मागण्यासाठी बहुतेक खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन फॉर्म मागतात. तो कॉलेज बोर्ड, म्हणजे एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा घेणारी संस्था, चालवते. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. दहा कॉलेजांना पाठवायचे १६९ डॉलर होतात. ही फी जड जात असेल तर कॉलेजच्या मदत कार्यालयाला ईमेलने फी-माफीची विनंती करा; काही कॉलेजं परदेशी मुलांना त्यासाठी कोड देतात. काही ठिकाणी सीएसएसऐवजी आयएसएफएए नावाचा साधा, फुकट फॉर्म चालतो. यादी करताना ही नोंदही वहीत ठेवा.

फॉर्ममध्ये रक्कम आपल्या चलनात, रुपयांत भरायची असते. एका मुलीने वडिलांचं साडेचार लाखांचं उत्पन्न चलन न निवडता लिहिलं आणि फॉर्म ते डॉलर समजून बसला. वेळीच लक्षात आलं म्हणून बरं. पाठवण्याआधी प्रत्येक आकडा मोठ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

नोकरदार घरांचं सोपं आहे: फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा. शेतकरी घरांचं काम थोडं जास्त, आणि नेमक्या याच घरांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र भरलेलं नसतं. त्याऐवजी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतो. सोबत कारखान्याची उसाची बिलं, बाजार समितीतल्या पट्ट्या, दूध संघाची बिलं जोडता येतात. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. बऱ्याच ठिकाणी शाळेच्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या इंग्रजी शिक्षकांनी करून सही-शिक्क्यानिशी दिलेलं चालतं, पण आधी विचारून घ्या.

खरी अडचण जमिनीच्या किमतीची. फॉर्म मालमत्तेचं बाजारमूल्य विचारतो. रस्त्यालगतची चार एकर जमीन कागदावर दोन कोटींची दिसते आणि वर्षाचं उत्पन्न तीन लाख असतं. अमेरिकेत बसलेल्या अधिकाऱ्याला हे कुटुंब श्रीमंत वाटू शकतं. म्हणून दोन गोष्टी करा. सातबाऱ्यावर काका, आत्या अशी पाच नावं असतील तर फक्त वडिलांचा हिस्सा लिहा. बाकीचा तुमचा नाही. आणि फॉर्मच्या शेवटी खास परिस्थिती सांगण्यासाठी जी जागा असते तिथे साध्या शब्दांत लिहा की हेच घराचं उत्पन्नाचं साधन आहे, ती वडिलोपार्जित आणि सामायिक आहे, विकायला सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते, पाऊस गेला की उत्पन्न जातं. आजीआजोबा आणि शिकणारी चुलत भावंडं याच घरात जेवत असतील तर तेही लिहा. एकत्र कुटुंब म्हणजे काय हे त्यांना आपोआप कळत नाही, सांगितलं की कळतं.

काही लपवू नका. जमीन न दाखवणं, उत्पन्न कमी दाखवणं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. आणि मी केलेली चूक करू नका: मदत लागणार असेल तर अर्जात 'हो' लिहा. परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही असा अनेक कॉलेजांचा नियम आहे.

पाचवी पायरी: यादी बांधा

आता वही आणि घरचा आकडा शेजारी ठेवा. पूर्ण मदत लागणाऱ्याला मी साधारण १२ ते १५ नावं सांगतो: नीड-ब्लाइंडपैकी दोन-तीन, गरज पूर्ण भागवणारी नीड-अवेअर सात-आठ, उरलेली अशी की जिथे परदेशी मुलांना मदत भरपूर मिळते पण स्पर्धा थोडी कमी आहे. कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जात २० कॉलेजांपर्यंत जागा असते. अर्ज-फी बऱ्याच छोट्या कॉलेजांत नसतेच, आणि असते तिथे कॉमन अ‍ॅपमधूनच फी-माफी मागता येते.

अमेरिकन मुलं 'सेफ्टी', म्हणजे हमखास प्रवेश मिळेल असं एक कॉलेज ठेवतात. पूर्ण मदत मागणाऱ्या परदेशी मुलासाठी अमेरिकेत असं कॉलेज जवळपास नसतं. तुमची सेफ्टी इथेच आहे: सीईटी, जेईई किंवा इथल्या एखाद्या चांगल्या कॉलेजातली बीएस्सी. ती तयारी सोडू नका.

'अर्ली डिसिजन' हे या खेळातलं हुकमाचं पान आहे. एकाच कॉलेजला १ किंवा १५ नोव्हेंबरच्या आसपास अर्ज करायचा, निकाल डिसेंबरच्या मध्यावर, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचं वचन. नीड-अवेअर कॉलेजात याचा फायदा होऊ शकतो, कारण तेव्हा मदतीची थैली भरलेली असते. मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल तर वचनातून सुटता येतं. पण हे पान अशाच कॉलेजवर टाका जे गरज पूर्ण भागवतं आणि जिथे जायला मन तयार आहे. नियमित अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते, म्हणजे निबंधांचं काम दिवाळीच्या सुट्टीत. त्याच सुमारास शिक्षकांकडून शिफारसपत्रं घ्यावी लागतात. क्लासला जाण्यासाठी ज्युनिअर कॉलेजचे तास बुडवले असतील तर तिथले शिक्षक तुम्हाला ओळखतही नसतात. अकरावीपासूनच दोन शिक्षकांच्या तासाला नेमाने बसा.

एसएटी द्यावी का? हार्वर्ड, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन यांनी चाचणीचे गुण पुन्हा सक्तीचे केले आहेत. बाकी बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहेत. गुण चांगले असतील तर मदत मागणाऱ्याने ते दाखवावेतच.

फुकट आणि भरवशाचा सल्ला हवा असेल तर मुंबईत यूएसआयईएफ या संस्थेत एज्युकेशनयूएसएचं, म्हणजे अमेरिकन सरकारच्या विद्यार्थी-सल्ला सेवेचं, केंद्र आहे. ते कुठल्याही कॉलेजकडून दलाली घेत नाहीत. लाखो रुपये घेऊन 'हमखास स्कॉलरशिप' सांगणाऱ्यांकडे जाण्याआधी तिथे जा.

सहावी पायरी: आलेली पत्रं शेजारी ठेवून वाचा

निकाल मार्चअखेरपर्यंत येतात आणि उत्तर १ मेपर्यंत द्यायचं असतं. मदतीच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकाखाली एक लिहिलेल्या असतात: अनुदान, कर्ज आणि कॅम्पसवरचं काम. मोजायचं ते फक्त अनुदान. ते परत करायचं नसतं, त्याबदली नोकरीही करायची नसते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला होता. आजच्या कॉलेज-अनुदानाला तशी अट नसते. प्रत्येक घरात हा प्रश्न विचारला जातो, म्हणून स्पष्ट लिहिलं. कामाची रक्कम तिथे गेल्यावर दर आठवड्याला कमावायची असते. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. त्यातून पुस्तकं आणि वरखर्च निघतो, फी निघत नाही.

मग बघा, खर्चात काय धरलंय आणि काय सुटलंय. आरोग्य विमा जवळपास सगळीकडे सक्तीचा असतो आणि त्याचे वर्षाला काही हजार डॉलर होतात. विमानाचं तिकीट, हिवाळ्याचे कपडे, सुट्टीत वसतिगृह बंद असताना राहण्याची सोय यांचं काय, ते विचारा. फी दरवर्षी वाढते तेव्हा अनुदान वाढणार का? अनुदान टिकवायला किती गुण लागतात? ही उत्तरं ईमेलवर, लेखी घ्या.

एक खर्च कुणीच आधी सांगत नाही: कर. शिक्षण शुल्कापुरत्या अनुदानावर कर नाही, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या अनुदानावर साधारणपणे १४ टक्के कापले जातात. २०,००० डॉलरवर २,८०० डॉलर. दिलासा असा की भारत आणि अमेरिका यांच्यातल्या कर-करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे करपात्र उत्पन्नातून ठरावीक रकमेची सरसकट वजावट, मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. विवरणपत्र भरल्यावर त्यातला मोठा भाग परत येतो. पण पहिल्या सत्रात पैसे अडकतात, तेवढे हाताशी ठेवा.

रक्कम थोडी कमी पडत असेल तर मदत कार्यालयाला पुनर्विचाराची विनंती करा. "पैसे वाढवा" एवढंच लिहून उपयोग नाही. अर्जानंतर काय बदललं ते कागदासह लिहा: वडिलांची नोकरी गेली, घरात ऑपरेशन झालं, गारपिटीने द्राक्षबाग झोपली. शंभरातले पाच कमी पडत असतील तर अनेकदा मार्ग निघतो. निम्मे कमी पडत असतील तर सहसा निघत नाही. अशा वेळी कर्ज काढून पहिलं वर्ष तरी जाऊ, पुढचं पुढे बघू, असं करू नका. दुसऱ्या वर्षी परत यावं लागलेली मुलं पदवीशिवाय आणि कर्ज डोक्यावर घेऊन येतात. त्यापेक्षा एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज केलेला परवडतो.

कॉलेज पक्कं झालं की ते आय-२० नावाचा कागद पाठवतं. त्यावर वर्षाचा खर्च आणि तो कोण देणार हे छापलेलं असतं. सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकन सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर आणि व्हिसाची १८५ डॉलर, ही दोन्ही घरूनच भरावी लागतात. मुलाखतीला जाताना मदतीचं पत्र फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा आणि "खर्च कोण करणार?" या प्रश्नाचं उत्तर दोन आकड्यांत द्यायचं पाठ ठेवा: कॉलेज इतके, घरून इतके. ते आय-२० वरच्या आकड्यांशी जुळतायत ना, हे आदल्या रात्री वडिलांसोबत बसून एकदा ताडून बघा.